कैची घेऊन खण शिकायला

परवा बोरीला गेले होते. चुलतभावाच्या नातवाचं नाव ठेवायचं होतं. स्लॅबच्या नव्या घरात पंखे गरगरत होते, पंगत बसली होती, पोरं बुंदीची पातेली घेऊन पळत होती. आणि मला मात्र शेजारच्या आमच्या जुन्या घराच्या कवाडाची कडी दिसली. हाताला सवय असते बघा, तो आपल्याला विचारत बसत नाही. मी कवाड लोटलं. आत सोयाबीनची पोती, एक मोडकी सायकल, फवारणीचा पंप. आणि वास. वरच्या पांढऱ्या मातीचा कोरडा वास, आणि त्याच्या खालून हळूच येऊन जिभेच्या मुळाशी बसणारा लिंबाच्या, म्हणजे कडुलिंबाच्या, लाकडाचा कडू वास. पन्नास वर्षं होत आली, तरी त्या लाकडाचा कडूपणा गेलेला नाही. मी तिथंच एका पोत्यावर टेकले.

जरा वेळानं भावाचा मुलगा सिद्धार्थ शोधत आला.

"आत्या, तिकडं सगळे थांबलेत जेवायला. हितं अंधारात काय करायलीस?"

"वास घ्यायलेय."

"सोयाबीनचा?"

"न्हाई रे बाबा. तुळईचा."

तुळई म्हणजे ते डोक्यावरचं आडवं जाड लाकूड, सगळं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, ज्याच्या जिवावर असतं ते. सिद्धार्थ स्लॅबची कामं घेतो. सळई, सिमेंट, खडी यांच्या बाहेरचं घर त्याला ठाऊक नाही. त्यानं मोबाइलचा उजेड वर मारला. खांबावरून तुळईवर, तुळईवरून परत खांबावर. मग सांध्यापाशी उजेड थांबला.

"खिळा कुठं हाय गं?"

"न्हाई."

"बोल्ट?"

"न्हाई."

"मग धरलंय कशानं हे?"

असं म्हणून तो तोंड उघडं टाकून वर बघत राहिला. मला हसूच आलं. अठरा वर्षांची होते तेव्हा मी याच प्रश्नाला असंच तोंड उघडं टाकून बघत उभी राहिले होते. मग मी त्याला सांगत बसले आणि तो जेवण विसरला. तेच आता लिहून काढतेय. लिहायचं कुणी शिकवलं नाही मला, बोलते तसंच लिहिते.

दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आमच्या वस्तीत आमचं घर तीन खणांचं. दोन खांबांच्या मधली जी जागा, तिला आमच्याकडं खण म्हणतात. घर केवढं, असं कुणी विचारलं की तीन खणांचं, पाच खणांचं, असंच सांगायचं. वडील मी लहान असतानाच गेले. राहिलो मी आणि माय. मधल्या खणातली तुळई वाळवीनं आतून पोखरली होती. वरून बघाल तर गुळगुळीत, काळी, तेल प्यायलेली. बोटानं ठोकलं की मात्र पोकळ भोपळ्यासारखा आवाज. तिच्याखाली बाभळीचं एक वाकडं खोड टेकू म्हणून लावलेलं, आणि वर हातभर जाडीची माती.

मायनं काय केलं होतं, सांगते. तुळईच्या मधोमध दोरा बांधला, त्याला खाली एक गोटा लटकवला. गोटा जमिनीपासून चार बोटं वर. रोज उठल्यावर माय तोंड धुवायच्या आधी त्या गोट्याखाली बोटं घालायची. दिवाळीला तीन बोटं मावायची. संक्रांतीला दोन. मी विचारायचे, "माय, गोटा टेकल्यावर काय?" ती म्हणायची, "टेकल्यावर कशाला, त्याच्या आधी बाहेर पळायचं." मधल्या खणात आम्ही बाज टाकत नव्हतो. भाकरी खातानासुद्धा दोघी दाराकडच्या खणात, भिंतीला पाठ लावून.

गावातल्या सुतारांकडं माय तीनदा जाऊन आली. आमच्या वस्तीतल्या कामाला ते 'बघू' म्हणायचे. नाही असं कुणी म्हणत नव्हतं. फक्त बघू. त्या बघूत दोन उन्हाळे गेले.

तेव्हा मला वेड लागलं की हे आपणच शिकायचं. सातवी झाली होती, वाचता येत होतं. वाचून तुळई बसत नाही, हेही कळत होतं. ते हातानं शिकायला पाहिजे होतं. जिंतूरला एका ठिकाणी विचारलं, तिथं शिवण शिकवत. परभणीला एसटीनं गेले. तिथल्या कारकुनानं चष्म्यावरून बघून सांगितलं, "मुलींसाठी शिवण आणि भरतकाम." मी म्हटलं, लाकूडकाम? तो म्हणाला, "तेच तर सांगतो आहे. शिवण आणि भरतकाम." झरीला एक नावाजलेले सुतार होते. त्यांनी मला पाणी दिलं, बसवलं, पण म्हणाले, बाईमाणसानं वाकस धरला तर धार उतरते. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, पुढं वाकलेलं. मी सोनपेठला मामाकडं गेले, तर बाजाराच्या दिवशी गाडीची चाकं करणाऱ्यांच्या समोर दिवसभर बसून राहिले. ढलप्या कशा उडतात, घाव कुठं पडतो, करवतीचा आवाज गाठ आली की कसा बदलतो. बघून डोळे भरले, हात रिकामेच राहिले. शेवटची एसटी चुकली. मामा माझ्यावर ओरडला आणि मग रॉकेलच्या टँकरमध्ये बसवून दिलं.

आणि मग एक दिवस हलगी वाजली. कोतवाल चावडीपासून आमच्या वस्तीपर्यंत ओरडत आला, "ऐका हो ऐका! तालुक्याहून वर्ग आलाय! शाळंच्या मागं खण शिकवणार हायेत! हातानं शिकवणार! फी न्हाई! नावं लिहा हो!"

झालं. वस्तीतल्या बायका दारात आल्या. खण म्हणजे काय? चोळीचा खण. दुसरा कुठला खण शिकवतात? आमच्या शेजारच्या गयाबाई, तोंडाळ पण जिवाच्या, त्यांनी आधी नाव लिहिलं. मागोमाग दहा बायका. मायनं मला ढकललं, "जा. लाकूड न्हाई तर न्हाई, चोळी तरी शिवशील." मी रडकुंडीला येऊन नाव लिहिलं. परत शिवणच! ग्रामसेवक नवीन होते, पुण्याकडचे. कागदावर आलेलं त्यांनी जसंच्या तसं कोतवालाला सांगितलं होतं, आणि बायका एवढ्या उत्साहानं आल्या म्हणून बिचारे खूशही झाले होते.

सोमवारी आम्ही बाराजणी शाळेच्या मागं गेलो. कुणाकडं सुईदोरा, कुणाकडं जुनी चोळी मापाला, माझ्या हातात गयाबाईंची मोठी कैची. बघतो तर काय, लाकडांचा ढीग. पाच गडी बसलेले. आणि ढिगावर एक म्हातारा, पांढरी दाढी, डोक्याला रुमाल, फुटाणे खात बसलेला. त्यांचं नाव इमाम मिस्त्री. निजामाच्या राज्यात त्यांनी मोठमोठ्या गढ्यांची लाकूडकामं केलेली, असं मागून कळलं. त्यांनी आमच्याकडं बघितलं, कैचीकडं बघितलं.

"क्या गे, कैची लेके खण शिकने आई?"

ग्रामसेवकांच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा पडला. गडी खो खो हसायला लागले. त्यातला दगडू नावाचा एक उंच गडी म्हणाला, "खांबाला चोळी शिवा आता!" गयाबाई काय ऐकून घेतात! "तुझ्या मापाची शिवते, ये हिकडं. खांबच हायेस तू बिनकामाचा!" सगळ्या बायका हसत, ग्रामसेवकाला नावं ठेवत परत फिरल्या.

मी फिरले नाही. पाय उचलेनात. एवढे दिवस जे गावोगाव शोधत होते ते माझ्या शाळेच्या मागं येऊन पडलं होतं, त्याचा वास यायला लागला होता, ओल्या सागाचा, तेलकट, गोडसर. ग्रामसेवक म्हणाले, "बाई, चूक झाली. तुमची नावं काढून टाकतो."

"माझं काढू नका," मी म्हटलं.

"अहो, असं कसं? हा वर्ग..."

मिस्त्री फुटाणे चावत म्हणाले, "साब, नाव कागद पे आया ना? चुकीनं आला का बराबर आला, कागद को क्या मालूम. है सो है." मग माझ्याकडं वळून मोडक्या मराठीत म्हणाले, "घरावर उतरतं छप्पर करताना वर दोन लाकडं अशी तिरपी जोडतात. त्याला मालूम आहे काय म्हणतात? कैची! खण बी आला, कैची बी आली. अब लाकूड तेवढं राहिलं."

त्या दिवसापासून मला नाव पडलं, कैची. चार महिने त्यांनी मला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

त्या चार महिन्यांतलं काय सांगू आणि काय सोडू! पहिले आठ दिवस हत्याराला हात लावू दिला नाही. डोळे मिटायचे आणि नाकाशी ढलपी धरली की सांगायचं, काय आहे. साग कळायचा. बाभूळ आंबूस. शिसवाला गुळासारखा वास. लिंबाला वासाच्या आधी चव यायची. दगडू सगळ्याला सागच म्हणायचा. मिस्त्रींनी एकदा त्याच्या नाकाशी खारी बिस्कीट धरलं, हा म्हणाला, "साग. जुना."

मग एक दिवस त्यांनी दोन लाकडं आणली. एकाच्या टोकाला जीभ काढलेली, तिला कुसू म्हणतात. दुसऱ्याला तसंच भोक. कुसू भोकात सारला, आरपार एक लाकडाची खुट्टी ठोकली. बस. ना खिळा, ना पट्टी. म्हणाले, "ओढा." एका बाजूनं दगडू, दुसऱ्या बाजूनं दोन गडी. शिरा फुगल्या, तोंडं लाल झाली, लाकूड हललं नाही. मिस्त्रींनी मागून खुट्टीवर एक टिचकी मारल्यासारखा घाव घातला, खुट्टी बाहेर, आणि तिघंही गडी धुळीत उताणे. मी ओरडलेच. हसायच्या आधी अंगावर काटा आला होता. एवढं घट्ट, आणि एवढं सहज सुटणारं!

"का न्हाई सुटलं, चाचा?"

त्यांनी मला खुट्टीची भोकं दाखवली. जिभेतलं भोक आणि बाहेरचं भोक समोरासमोर नव्हतं, केसभर पुढंमागं होतं. खुट्टी त्यातून जाताना लाकडाला लाकडाकडं ओढून घेते. "दोनो भोकं सरळ आली की थोड्या दिवसात ढिलं पडतं. केसभर भांडण ठेवायचं, कैची. जास्त ठेवशील तर खुट्टी मोडेल. बिलकुल नाही ठेवशील तर घर मोडेल."

घरी येऊन मायला हे सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "तुझा बाप आन् मी न्हाई का, तसंच."

लाकडाला पाठ आणि पोट असतं, हे मला तिथं कळलं. कितीही सरळ दिसणारं खोड असो, कुठंतरी कणभर वाक असतोच. दोन ठोकळ्यांवर ठेवून सोडून द्यायचं. ते लोळतं, डुलतं आणि पोट खाली घालून निवांत पडतं, गाभण म्हशीसारखं. मिस्त्री म्हणायचे, आता त्याला उलटं करा. पोट वर, कमान आभाळाकडं. म्हणजे वरून वजन आलं की ते सरळ व्हायला बघतं. जसं आपसूक पडतं तसंच बसवलं तर ते आयुष्यभर पडतच राहतं. आणि खांब उभा करायचा तर झाडाचं बूड खालीच, शेंडा वरच. झाड कापलं तरी ते उभं कसं होतं ते विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला तेव्हा वाटायचं, एवढं सगळं आपल्या डोक्यावर रोज होतं आणि आपण खाली बसून नुसती भाकरी खात होतो!

मी मिस्त्रींना घरी घेऊन आले. तुळई दाखवायला. ते आत शिरले, वर बघायच्या आधी त्यांना दोरा दिसला. गोट्याखाली त्यांनी बोट घातलं. एकच मावलं.

"ये किसने बांधा?"

माय पदर सावरून चुलीपाशी उभी. म्हणाली, "म्या."

"कोणाकडं शिकल्या, बाई?"

"कुणाकडं शिकू? भेवानं शिकवलं."

मिस्त्री जमिनीवर बसले. दोऱ्याकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, तुझी माय मिस्त्री आहे, तू अजून नाहीस. आणि मग टेकू, भिंत, माळवद बघून हळू आवाजात सांगितलं की पावसाळा यात निघणार नाही. माती पाणी प्यायली की वजन दुप्पट होतं.

लाकूड कुठून आणायचं? अंगणात लिंब होता. माझ्या कवेत न मावणारा. उन्हाळ्यात त्याच्याखाली अर्धी वस्ती बसायची. मी मायला कसं विचारावं म्हणून दोन दिवस घुटमळत होते. तिनंच विचारलं, "लिंबाची होती का तुळई?"

"होती. वाळवी लागत न्हाई त्याला."

"मग तोड. सावली बाहेर हाय, राहतो आपुन आत."

एवढं बोलून ती कुऱ्हाड मागायला स्वतः गेली. झाड पडलं तेव्हा मात्र घरात जाऊन बसली, आणि बाहेर आल्यावर पहिल्यांदा आभाळाकडं बघून डोळ्यांवर हात धरला. अंगणात एवढा उजेड कधी पडलाच नव्हता.

खोड ओढ्याच्या डोहात दगडं बांधून बुडवलं. महिनाभर. त्यातला रस पाण्यात उतरतो. डोहाचं पाणी चहासारखं झालं. गयाबाई मला येता-जाता म्हणायच्या, "काय गं, खण शिवून झाला का? माझ्या चोळीला बाही लाव की तुझ्या पटाशीनं." आणि मागून हळूच विचारायच्या, "होईल ना गं? का मी माझ्याकडं येऊन राहा म्हणू तुझ्या मायला?"

माझ्या मनातही तेच असायचं. वर्गात चुकलं तर लाकूड बदलता येत होतं. इथं झाड एकच होतं, ते पडलं होतं, आणि गोटा एका बोटावर होता.

खोड वाळलं, तासलं. तासायला सगळे गडी होते, पण टोकाच्या खाचा मी पाडायच्या असं मिस्त्रींनी ठरवलं. जुनं माळवद फार उचललं तर फाटतं. म्हणून तुळईला पुरं भोक न पाडता बाजूनं उघडी खाच पाडायची, म्हणजे माळवद बोटभर उचललं की तुळई बाजूनं सरकवून खांबाच्या कुसूवर चढवता येते. मी सकाळपासून पटाशी, ती लाकूड कोरायची छिन्नी, चालवत होते. एक खाच झाली. अशी सुरेख झाली की मी तिच्यात तळहात घालून बघत होते. दगडू आला, बघितलं, आणि त्याचा चेहराच बदलला. चेष्टा करणारा माणूस, पण आवाज खाली आणून म्हणाला, "कैचे, तुळई पालथी केलीच न्हाईस तू."

लाकूड ठोकळ्यांवर आपसूक लोळून पडलं होतं, तसंच मी त्याला खालच्या अंगानं घाव घातले होते. खाच पोटावर पडली होती, पाठीच्या जागी. उलटं केल्यावर ती आभाळाकडं तोंड करून राहणार. चार महिने जे घोकलं तेच विसरले. वाटलं, आता लिंबही गेला आणि घरही गेलं. मायचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

मिस्त्री आले. बघितलं. खिशातून फुटाणे काढले, मला दिले. "खा." मग त्यांनी गज काढला, लाकूड मोजलं आणि मला म्हणाले, "तू मोज."

मी मोजलं. परत मोजलं. लाकूड हवं त्यापेक्षा हातभर लांब होतं. मला कळेना.

"मी झाड मोजतो ना, त्याच टाइमाला हातभर जास्त धरतो," ते म्हणाले. "माझ्या उस्तादनं शिकवलं. ये गलती का हात. हर तुळई में एक हात गलती का. मेरे काम में बी धरता, पचास साल से."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. ज्या माणसानं गढ्या उभ्या केल्या, तो अजून स्वतःच्या चुकीला हातभर जागा ठेवत होता. मोठेपणा म्हणजे काय, ते मला कुणी विचारलं ना, तर मी हेच सांगेन. चुकलेलं टोक मीच करवतीनं कापलं. तो हातभर ठोकळा पुढं कितीतरी वर्षं मायनं पाट म्हणून वापरला, त्या सुरेख खाचेसकट. चुलीपुढं बसायला तसा पाट गावात कुणाकडं नव्हता.

कागदावर लिहिलं होतं, शेवटी वर्गानं एक खण उभा करून दाखवावा. कुठं, ते लिहिलं नव्हतं. मिस्त्री म्हणाले, "कैची के घर."

चैत्राची सकाळ. मिस्त्री, पाच गडी, मी. आमच्या वस्तीत गावातले गडी असे हत्यारं घेऊन पहिल्यांदाच आले होते. वस्तीतले सगळे दारात, पोरं भिंतीवर. दगडूनं पाणी मागितलं. माय क्षणभर थांबली, त्याच्याकडं बघितलं, मग तांब्या पुढं केला. तो वर तोंड करून घटाघटा प्यायला. "लय गार हाय," एवढंच म्हणाला. पण सगळ्या वस्तीनं ते ऐकलं.

तुळईच्या दोन्ही बाजूंनी टेकू लावले, टेकूंखाली पाचरी. मिस्त्री टाळी वाजवतील तेव्हा सगळ्यांनी एकदम एक घाव. टाळी, घाव. टाळी, घाव. मिस्त्री मायला म्हणाले, "बाई, बाहेर जा." माय म्हणाली, "लेक आत हाय, म्या बाहीर जाऊन काय करू?" आणि कोपऱ्यात बसली ती बसलीच.

माळवद कणाकणानं उचललं गेलं. बारीक माती झरझर खाली आली, तिच्यातून उन्हाचे धागे. चिमणीचं एक जुनं घरटं पडलं, रिकामं. मग जुनी तुळई कापून काढली. आतून नुसती वाळवीची माती, मुठीत धरली तर पीठ. आणि मग ती वेळ आली, जेव्हा मधल्या खणाला तुळईच नव्हती. हातभर मातीचं घर डोक्यावर नुसतं टेकूंवर तरंगत होतं. कुणी बोलेना. भिंतीवरची पोरंसुद्धा. एवढं मोठं ओझं इतकं गप्प असू शकतं, हे मी पहिल्यांदा ऐकलं. होय, ऐकलंच म्हणते मी.

नवी तुळई सगळ्यांनी मिळून खांद्यावर घेतली. पोट वर, मी तीनदा बघितलं. बाजूनं सरकवली. खाच कुसूवर अशी बसली, जसा पाय आपल्या जुन्या चपलेत जावा. खुट्ट्या मी ठोकल्या. केसभर भांडण ठेवलेल्या. शेवटच्या घावाला लाकडं एकमेकांकडं ओढली जाताना मला डोळ्यांनी दिसली.

मग पाचरी काढायच्या. एकेक पाचर निघेल तसं ओझं तुळईवर उतरणार, पेललं तर पेललं. मिस्त्रींनी मला खांबापाशी नेलं आणि कान लावायला सांगितलं. मी लावला. पहिली पाचर निघाली. काही नाही. दुसरी. तिसरी. आणि मग खांबाच्या आत, खूप लांबून यावा तसा एक आवाज आला. करकर नव्हे. दिवसभर उभं राहिलेलं माणूस बसताना सोडतं तसा श्वास. तो वरून निघाला, माझ्या कानाजवळून गेला आणि खाली दगडात जाऊन थांबला. सगळं घर माझ्या कानावरून उतरलं होतं.

"आलं?" मिस्त्रींनी विचारलं.

मी मान हलवली. ते म्हणाले, "आता घराचं वजन जमिनीला पोचलं."

जेवणं झाली. गडी गेले. मिस्त्री गेले. परत कधी भेटले नाहीत, ती वेगळी गोष्ट. आत मी एकटी राहिले. दारातून आत जमिनीवर शिडीची सावली पडली होती. म्हटलं, शिडी कुणी लावली? तेवढ्यात बाहेरून गयाबाईंचा आवाज, "अगं बाई, कुठं चाललीस? उतर खाली!" मी धावत खांबापाशी गेले आणि कान लावला.

माय माळवदावर चढली होती. दोन वर्षांत तिथं मांजरालाही जाऊ दिलं नव्हतं तिनं. आधी कडेला पाऊल ठेवलं. थांबली. मग दुसरं. मग हळूहळू, एका खणातून दुसऱ्या खणात, अगदी मधोमध, नव्या तुळईवर. प्रत्येक पाऊल खांबातून माझ्या कानात येत होतं. मोजता येत होतं. मग ती चालायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत या टोकाला, घरात झाडू मारताना चालते तशी बिनघोर.

मग वरून हाक आली.

"ए पोरी! ऐकू यायलंय का खाली?"

उत्तर द्यायचं तर कान काढावा लागला असता. मी गप्पच राहिले. आणि उत्तर येईना म्हणून मायनं वर पाय आपटला. जोरात. मग अजून जोरात.